‘सावकारी पाश’ : न पाहिलेल्या चित्रपटाचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

यंदा इतिहासाच्या तासाला सरांनी स्वाध्यायासाठी विषयांची यादी फळ्यावर लिहिली, आणि ज्याला जो हवा तो निवडा असे सांगितले. मी मागच्या बाकावर बसणारा असल्यामुळे माझी पाळी येईपर्यंत किल्ले, संस्थाने, सत्यशोधक चळवळ, प्रतिसरकार असे सर्व ओळखीचे विषय संपले होते. उरला होता एकच : ‘सावकारी पाश, १९२५’. चित्रपट आहे म्हटल्यावर मला आनंदच झाला. दोन तास चित्रपट पाहावयाचा आणि चार पाने लिहून द्यावयाची, यात अवघड ते काय, असे वाटले. वसतिगृहात येऊन शोधावयास बसलो तेव्हा कळले, की हा चित्रपट आज कोणालाच पाहता येत नाही. त्याची प्रत उरलेली नाही.

सरांकडे विषय बदलून मागितला. सर म्हणाले, “शिवाजी महाराजांना तरी तू कोठे पाहिले आहेस? तरी इतिहास शिकतोसच ना?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा जो चित्रपट पाहिला नाही, पाहता येणारही नाही, त्याचा अभ्यास कसा केला, तो करताना कोणत्या चुका झाल्या, आणि त्या अभ्यासातून आमच्या घरातील एका जुन्या कागदापर्यंत मी कसा पोहोचलो, ते येथे थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करतो. चुकले असेल तेथे प्राध्यापक वर्गाने सांभाळून घ्यावे.

कलामहर्षी बाबूराव पेंटर

‘सावकारी पाश’चे दिग्दर्शक बाबूराव पेंटर. त्यांचे मूळ आडनाव मिस्त्री. जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराण्यात सुतारकाम, कोरीवकाम, चित्रकला चालत आलेली. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते घरच्या घरीच शिकले. त्यांचे बंधू आनंदराव आणि ते स्वतः मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, त्यावरून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव झाले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांना सिनेमाचे वेड लागले. परंतु चित्रे घेण्याचा कॅमेरा विलायतेहून आणावयाचा तर तेवढा पैसा नाही. तेव्हा कॅमेरा स्वतःच बनवावयाचा असे त्यांनी ठरविले. या खटाटोपात १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने काम तसेच पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात तयार झालेला कॅमेरा चालू झाला. ज्यांनी यंत्रशाळेचे तोंड पाहिले नव्हते अशा माणसांनी हे केले, हे आपण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे असे मला वाटते. हे वाचल्यावर मी एका रविवारी एस.टी.ने कोल्हापुरास जाऊन खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ पाहून आलो. रहदारीच्या मधोमध तो उभा आहे. मी कोणाला विचारले तर त्याने “तो काय कॅमेरा” म्हणून बोट दाखविले आणि तो सायकल मारीत निघून गेला. कोल्हापूरकरांना त्याचे नवल वाटत नाही इतका तो त्यांचा आहे.

कॅमेरा झाला, पण कंपनी काढावयास भांडवल पाहिजे. ते कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पुढे ज्या कंपनीने सावकारीवर चित्रपट काढला, ती स्वतः एका बाईने विश्वासाने दिलेल्या पैशावर उभी राहिली होती. म्हणजे घेतलेला प्रत्येक पैसा पाश होतो असे नाही. देणाऱ्याच्या मनात काय आहे, यावर ते ठरते.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुष करीत, परंतु बाबूरावांनी त्यात स्त्रियांनाच घेतले. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब झाले होते की पुढे सेन्सॉरने ते काढावयास लावले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२३ मध्ये ‘सिंहगड’ आला. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यात कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला होता. याप्रमाणे पुराण आणि इतिहास या दोन्हींत नाव मिळवून झाल्यावर १९२५ मध्ये बाबूरावांनी एकदम वेगळ्या विषयाला हात घातला. तो म्हणजे आपल्या भोवतीचा शेतकरी.

दोन आपटे

येथे माझी पहिली चूक सांगतो. ‘सावकारी पाश’ची कथा आपटे यांची, एवढे वाचून मी पहिल्या मसुद्यात ‘सुप्रसिद्ध कादंबरीकार हरि नारायण आपटे’ असे लिहून मोकळा झालो. सरांनी त्याखाली लाल रेघ मारून विचारले, “हे वारले केव्हा?” पाहतो तो १९१९ मध्ये! ‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरि आपटे यांची आहे. हे निराळे लेखक. आमच्याच सातारा जिल्ह्यातील कोरेगावी राहून त्यांनी पुष्कळ लेखन केले. त्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर पुढे १९३७ मध्ये प्रभातचा ‘कुंकू’ निघाला. गंमत अशी, की ‘सिंहगड’ हरि नारायणांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर होता आणि ‘सावकारी पाश’ नारायण हरींच्या कथेवर. बाबूरावांना दोन्ही आपटे चालले. मला मात्र एकाच्या नावावर दुसऱ्याची मिळकत लावल्याबद्दल बोलणी खावी लागली.

चित्रपटात काय होते

जे लिहून ठेवलेले आहे त्यावरून कथानक असे दिसते. एक तरुण शेतकरी आहे. गावात लोभी सावकार आहे. तो खोटे कागद करून गरिबांच्या जमिनी गिळतो. या शेतकऱ्याचीही जमीन त्याच्या घशात जाते. जमीन गेल्यावर शेतकऱ्याला गाव सोडावे लागते आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे नावाच्या तेवीस-चोवीस वर्षांच्या कंपनीतीलच उमेदवाराने केले. हेच पुढचे व्ही. शांताराम. याच कंपनीतील दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली.

चित्रपटाचे इंग्रजी नाव ‘दि इंडियन शायलॉक’ असे होते. आपल्यापैकी ज्यांनी इंग्रजीला शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ अभ्यासले आहे त्यांना शायलॉक माहीत आहे. त्या नाटकात कर्जरोख्याचा एकेक शब्द नीट वाचणारी पोर्शिया शेवटी कोर्टात उभी राहते, आणि रोख्यातल्याच शब्दाने अँटोनिओ सुटतो. आमच्या शेतकऱ्याची जमीन मात्र जाते. नाव शायलॉकचे दिले तरी या कथेत पोर्शिया नाही. मला वाटते, इंग्रजी नाटक आणि मराठी चित्रपट यांतील खरा फरक येथेच आहे.

या कथेमागचा इतिहास आपण पाठ्यपुस्तकात वाचलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. त्यांना प्रामुख्याने हवे होते ते कर्जरोखे, गहाणखते आणि हुकूमनामे. ते हाती लागले की गावकरी त्यांची होळी करीत. जो कागद आपल्याला वाचता येत नाही त्याच्याशी लढण्याचा त्यांना तेवढाच मार्ग ठाऊक होता. त्यानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. केवळ रोख्यावर काय लिहिले आहे तेवढेच न पाहता मूळ व्यवहार काय झाला होता, याची चौकशी न्यायालयाने करावी, असे त्यात होते. म्हणजे कागद खोटे बोलू शकतो हे खुद्द कायद्याने मान्य केले होते. ‘सावकारी पाश’ त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी निघाला आणि तरीही विषय शिळा झालेला नव्हता.

इतके असून हा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला नाही, असे अभ्यासक लिहितात. देव, राक्षस, मावळे पाहावयास येणाऱ्या प्रेक्षकांना आपलेच घर पडद्यावर रुचले नसावे. पुढे बाबूराव पुन्हा पौराणिक विषयांकडे वळले. परंतु हिंदुस्थानातील वास्तववादी चित्रपटांचा विचार निघाला की आरंभी या चित्रपटाचे नाव घेतले जाते. मेहबूब यांचे ‘औरत’ (१९४०) आणि ‘मदर इंडिया’ (१९५७), बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३) हे सर्व नंतरचे. सावकार म्हटले की आपल्याला ‘मदर इंडिया’तला सुखीलाला आठवतो, त्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरात एक सावकार पडद्यावर खाते उघडून बसला होता.

कुत्र्याचे रडणे

आता दुसरी आणि मोठी चूक. ‘सावकारी पाश’विषयी जेथे जेथे वाचले तेथे एका दृश्याचा उल्लेख येई. अंधुक उजेडात दुरून दिसणारी एक उदास झोपडी आणि रडणारे कुत्रे. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी ही आठवण लिहून ठेवलेली आहे. मी अगदी भारावून जाऊन या दृश्यावर पानभर लिहिले. मूकपटातील या एका दृश्यात बाबूरावांनी शेतकऱ्याचे सर्व दुःख कसे साठविले आहे, वगैरे वगैरे.

वर्गात ते वाचून दाखविले तेव्हा शेजारच्या मैत्रिणीने सहज विचारले, “मूकपट ना? मग कुत्र्याचे रडणे ऐकू कसे आले?”

सर्व वर्ग हसला. मीही हसलो, पण त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात ती आठवण पुन्हा नीट वाचली. वाडियांचे म्हणणे मी समजत होतो त्याहून वेगळे होते. मूकपट आपल्याला पुसटसा आठवतो, आणि बाबूराव केवढे मोठे कलावंत आहेत हे आपल्याला कळले ते त्याचा बोलपट पाहिल्यावर, असा त्याचा आशय आहे. झोपडी आणि कुत्र्याचे रडणे ही आठवण त्या बोलपटाची. बाबूरावांनी १९३६ मध्ये हीच कथा पुन्हा बोलपट म्हणून केली होती. नाव तेच, दिग्दर्शक तोच. म्हणून लोकांनी बोलपटातील दृश्य उचलून मूकपटाच्या नावावर चढविले, आणि एकाचे वाचून दुसरा लिहीत गेला. मीही त्यांतलाच एक.

मग कोणी म्हणेल, बोलपटावरून मूकपट ताडता येईल. मला ते पटत नाही. मध्ये अकरा वर्षे गेली होती. शांताराम तोपर्यंत प्रभातचे मोठे दिग्दर्शक झाले होते. मुख्य म्हणजे जे मूकपटात हातवाऱ्याने, उजेडाने आणि अंधाराने सांगावे लागे ते बोलपटात शब्दाने आणि आवाजाने सांगता येऊ लागले होते. धाकट्या भावाला पाहून वारलेल्या थोरल्याचे वर्णन करावे, तसे ते होईल. तेव्हा खात्रीने सांगावयाचे तर ‘सावकारी पाश’ या मूकपटाविषयी आपल्याजवळ उरले आहे ते इतकेच : वर्ष, कंपनी, दिग्दर्शक, कथाकार, नटांची नावे आणि कथेचा सांगाडा. चित्र असे एकही नजरेसमोर हलत नाही.

चित्रपट गेले कोठे

१९१३ ते १९३४ या काळात आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी आज पूर्ण किंवा तुटक स्वरूपात उरलेले तीससुद्धा भरत नाहीत. खुद्द बाबूरावांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ या १९२७ च्या दोन चित्रपटांचे काही भाग तेवढे राहिले आहेत. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, ‘सावकारी पाश’ नाही.

याची कारणे साधीच आहेत. त्या वेळची फिल्म नायट्रेटची असे. ती ठिणगीने पेट घेई, आणि नीट थंडाव्यात न ठेवल्यास कुजून तिची चिकट भुकटी होई. दुसरे, फिल्मवरील लेपात चांदी असते. जुन्या फिती धुऊन ती चांदी काढून विकीत. तिसरे कारण सर्वांत मोठे. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट मुंबईत लागला, १९३२ मध्ये प्रभातने मराठीत ‘अयोध्येचा राजा’ काढला, आणि मूकपटांना विचारणारे कोणी उरले नाही. ज्या वस्तूला बाजारात भाव नाही ती कोण सांभाळणार? आपल्या देशाने चित्रपट जतन करण्यासाठी पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन केले ते १९६४ मध्ये. तोवर बहुतेक सारे संपले होते. तेथील पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून मिळेल ते गोळा केले. फाळके यांच्या कुटुंबीयांकडून मिळालेल्या तुकड्यांमुळेच आपण आज फाळक्यांचे काम थोडेतरी पाहू शकतो. संग्रह केल्यावरही संकट टळले असे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागून पुष्कळ जुन्या फिती गेल्या.

फिती सांभाळणे म्हणजे श्रीमंतांचा छंद, असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही.

पेटीतला कागद

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. आमचे गाव माण तालुक्यात. वडील दुसऱ्याचे रान वाट्याने करतात. रात्री कंदिलाशेजारी, म्हणजे वीज गेल्यामुळे, स्वाध्यायाची पाने काढून बसलो तेव्हा वडिलांनी विचारले, “कशावर लिवतूयास?”

मी सांगितले. वडील म्हणाले, “जो शिनिमा बघायलाच मिळत न्हाई, त्याचा आब्यास करून काय मिळायचं?”

मग मी त्यांना कथा सांगितली. शेतकरी, सावकार, खोटा कागद, जमीन, गिरणी. वडील काही बोलले नाहीत. चुलीपाशी बसलेली आजी मात्र म्हणाली, “ही तर आपलीच गोष्ट हाय की रं.”

आमची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. १९७२ चा दुष्काळ. आजी दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई आणि सुकडी घेऊन येई. बैल जगविण्यासाठी आजोबांनी गावातील एका सावकाराकडून अठराशे रुपये घेतले आणि चार एकर जमीन गहाण टाकली. पुढच्या वर्षी आजोबा मुंबईस जाऊन गिरणीत लागले. दर महिन्याला मनिऑर्डर येई. तिच्यातून आजी सावकाराच्या घरी पैसे नेऊन देई. पावती कधी मिळाली नाही. “कागद नावाला हाय, पैसं फिटलं की जमीन तुमचीच,” असे सावकार म्हणे. १९८२ च्या संपात गिरणी बंद झाली, आजोबा परत आले, आणि जमीन काही परत आली नाही. आजोबा गेले ते ‘आपली जमीन गहाण आहे’ असे म्हणतच गेले. घरात आजही तसेच म्हणतात. गहाण म्हणजे केव्हातरी सुटेल.

आजीने पत्र्याच्या पेटीतून एक घडी काढली. आजोबांनी कधीतरी तालुक्याहून आणलेली ती दस्ताची नक्कल होती. आमच्या घरात ती कोणी वाचलेली नव्हती. आजोबांना वाचता येत नव्हते, आजीला येत नाही, वडील चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेले आणि कोर्टकचेरीच्या अक्षराला भितात. आजी म्हणाली, “तू कालिजात शिकतूस न्हवं? वाच.”

मी वाचू लागलो. पहिल्या चार ओळींतच पोटात गोळा आला. तेथे गहाण हा शब्दच नव्हता. ‘कायम फरोक्त खरेदीखत’ असे लिहिले होते. रक्कम रोख पोहोचली, ताबा दिला, माझा वा माझ्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क राहिला नाही. शेवटी, जेथे सही असावयाची, तेथे नक्कल करणाऱ्याने ‘निशाणी अंगठा’ असे दोन शब्द लिहिले होते. आजोबांचा अंगठाही त्या कागदावर नव्हता. अंगठ्याच्या जागी शब्द होते, जसे ‘सावकारी पाश’च्या जागी माझ्याजवळ वर्ष आणि नावे आहेत.

मी थांबलो. खरे सांगतो, पुढचे निराळे काहीतरी वाचावे असे क्षणभर मनात आले. पन्नास वर्षे जिने गहाण समजून पेटी सांभाळली तिला कशाला सांगा? परंतु आजी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मूकपटांच्या काळी पडद्यावर मजकुराची पाटी आली की ज्याला वाचता येई तो शेजारच्यासाठी मोठ्याने वाचून दाखवी, असे मी नुकतेच वाचले होते. पाटीवर एक आणि वाचणाऱ्याने सांगितले दुसरेच, तर त्या बापड्या शेजाऱ्याने काय करावे? आमच्या आजोबांना कचेरीत कोणीतरी हा कागद असाच वाचून दाखविला असेल. मी जसे होते तसे वाचले.

आजीने पुन्हा एकदा वाचावयास लावले. मग म्हणाली, “कागूद तसं म्हणतुया व्हय. पण पैसं म्या नेऊन दिल्यात. ह्या पायांनी. त्येबी लिव्ह.”

वडिलांनी विचारले, आता काही करता येईल काय. परत आल्यावर मी चौकशी केली. आपल्या राज्यात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात अवैध सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळविण्याची तरतूद आहे. परंतु तिला वर्षांची मर्यादा आहे आणि आमचा व्यवहार १९७२ चा. तो त्यात बसत नाही. हे मी वडिलांना पत्राने न कळविता समक्ष जाऊन सांगितले. ते “बरं” म्हणाले आणि रानात गेले.

समारोप

सरांनी हा विषय मला का दिला, की तो नुसता उरला म्हणून मिळाला, हे मी त्यांना विचारलेले नाही. पण त्यातून एक धडा घेतला तो असा. गेलेल्या गोष्टीविषयी आपल्याजवळ दोन प्रकारचे पुरावे असतात : लिहिलेला कागद आणि माणसांची आठवण. वाडियांच्या बाबतीत लोकांची आठवण घसरली आणि लिहिलेल्या ओळीने मला दुरुस्त केले. आमच्या घरी कागद एक सांगतो आणि आजीचे पाय दुसरे सांगतात, आणि मी आजीच्या पायांवर विश्वास ठेवतो. कागद नेहमी खरा किंवा आठवण नेहमी खरी, असा नियम करता येत नाही. दोन्ही समोरासमोर ठेवून, तारखा लावून, ‘हे ऐकू कसे आले?’ असा साधा प्रश्न विचारावा लागतो. परंतु विचारण्यासाठी दोन्ही शिल्लक तर पाहिजेत. चित्रपटाची फीत गेली आणि पाहणारी माणसेही गेली. तेथे आता विचारावयास कोणी नाही. २०२५ मध्ये ‘सावकारी पाश’ला शंभर वर्षे पूर्ण झाली.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती करून हा लेख संपवितो. आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखेच घरातील पहिले शिकणारे आहेत. येत्या सुट्टीत घरची पेटी उघडा. जुने दस्त, मनिऑर्डरीच्या पावत्या, गिरणीचे पास, तमाशाच्या वा सिनेमाच्या जाहिराती, काय असेल ते बाहेर काढा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते जसे असेल तसे वाचून दाखवा. ते ऐकून घरची वडीलधारी माणसे जे बोलतील ते तारीख घालून वहीत उतरवून ठेवा.

आजीने सांगितल्याप्रमाणे मी वहीत लिहिले आहे : ‘पैसे आजीने स्वतः नेऊन दिले.’ खाली तिचे नाव आणि दिवस लिहिला. सही कोठे करू असे तिने विचारले. मी तिला शाईचा ठसा आणून दिला नाही. तिचे नाव पाटीवर काढून दिले आहे. सध्या ती ते गिरवीत आहे.